डाव्या हाताची चप्पल

नागपूर, ३ एप्रिल

तारा,

वर आशीर्वाद लिहिला तर तू तिथेच पत्र मिटून ठेवशील, म्हणून लिहीत नाही. फोन तू उचलत नाहीस. यमुताईने उचलला की ती सांगते, तारा अंघोळीला गेली आहे. काल दिवसभरात तू चार वेळा अंघोळीला गेली होतीस. अमरावतीत माझ्या बहिणीकडे उन्हाळ्यात एवढं पाणी असतं हे मला ठाऊक नव्हतं.

तुला जाऊन बारा दिवस झाले. जाताना दारातल्या माझ्या दोन्ही चपला उलट्या करून गेलीस. मी त्या पायाच्या अंगठ्याने सरळ केल्या आणि मग दार लावलं. उलटी चप्पल घरात भांडण आणते हे तुझ्या आईने तुला शिकवलं होतं. तुझ्या बरोबर लक्षात राहिलं.

तू चिडली आहेस, ते मला मान्य आहे. पोलीस ठाण्यात सहा माणसांसमोर मी तुझ्या कामाला शंभरपैकी पस्तीस गुण दिले. छत्तीस वर्षं चित्रकला शिकवली, पस्तीस गुण आवडलेला विद्यार्थी काही भेटला नाही. पण बापाने गुण कमी दिले म्हणून सव्वीस वर्षांच्या मुलीने घर सोडून जावं, हे जरा जास्तच झालं.

दामिनी अजून आतच आहे. तिच्या बापाकडे, शालिकरामकडे बघवत नाही. जानेवारीत त्याचा पोरगा गेला, मार्चमध्ये पोरगी. साहिलला हिंगण्याला कंपनीच्या बसमधून उतरता उतरता साध्या कपड्यातल्या लोकांनी उचललं, तेव्हाच मी तुला म्हणालो होतो की हे संपाचं लफडं आहे, आपण लांब राहू. साहेबांचा शांतता हुकूम निघाल्यावर पाच माणसं एकत्र चहा पीत नाहीत, आणि हा पोरगा गेटवर भाषणं देत होता. आज तो कुठल्याच ठाण्याच्या नोंदीत नाही. रस्त्यावर त्याच्या चपला तेवढ्या राहिल्या, एक सरळ आणि एक उलटी. पाळीवर येणाऱ्या बायांनी ती उलटी सरळ केली म्हणे, आणि दोन्ही गेटच्या कडेला नीट लावून ठेवल्या. तो परत येईल म्हणून.

आणि मग ती चित्रं. आधी हिंगण्याला, मग बुटीबोरीत, मग गांधीबागेत कापडवाल्यांच्या दुकानांच्या पायऱ्यांवर, शेवटी कचेऱ्यांच्या दारात. काळ्या रंगाची एक उलटी चप्पल. खाली एक अक्षर नाही. राजकारणातलं मला कळत नाही, पण चित्रातलं कळतं. आपल्या माणसाला उलटी चप्पल ओलांडून जाता येत नाही. पाय आपोआप तिकडे जातो. या चपलेला तो पाय लावतो आणि ती सरळ होत नाही. दिवसभर ते त्याच्या डोक्यात राहतं. चौकाचौकातल्या फलकांवर साहेब हात जोडून वीस फूट उंच उभे आहेत, आणि लोक मान खाली घालून पायरीकडे बघताहेत. पालिकेने त्यावर चुना फासला, तर पायऱ्यांवर पांढरे चौकोन उरले आणि लोक चौकोनाकडे बघायला लागले. शब्द नसल्यामुळे कुठलं कलम लावायचं तेही पोलिसांना आठवडाभर सुचलं नाही. ज्या कुणी हे काढलं, त्याला डोकं आहे.

त्यांनी नेमकी दामिनीच कशी शोधून काढली, कुणास ठाऊक. पोलिसांचे त्यांचे मार्ग असतात.

कूलरचं गवत बदललं. तुझ्या खोलीतल्याचंही बदललं. ये.

बाबा


नागपूर, १८ एप्रिल

तारा,

तुझं कार्ड मिळालं. पंधरा दिवस वाट पाहायला लावून एक ओळ. ‘बाबा, कापणारी डावखुरी आहे हे पोलिसांना कुणी सांगितलं?’ खाली सही नाही. उघड्या कार्डावर असं लिहायचं असतं का? पोस्टमनने वाचलं असेल, खालच्या मजल्यावरच्या वच्छलाबाईंनी तर नक्कीच वाचलं. त्या मला विचारत होत्या, "भाऊजी, तारा कोनत्या कोर्सले गेली?" मी सांगितलं, फॅशन डिझायनिंगचा.

तू विचारलंस म्हणून सांगतो. मला एकदा बोलावलं होतं, दामिनीला धरण्याच्या आधी. हिंगण्याच्या बसथांब्यामागे झुडपात त्यांना एक स्टेन्सिल सापडलं होतं, जुन्या एक्स-रेच्या फिल्मवर कापलेलं. नागपुरात एक्स-रेवर स्टेन्सिल कापायला मीच शिकवतो, एवढं त्यांना कुणीतरी सांगितलं असणार. मी चहा घेतला नाही. इन्स्पेक्टर माणूस तसा सभ्य होता, वर्ध्याचा. फिल्म टेबलावर ठेवून म्हणाला, "सर, मले तं हे आपल्या नागपूरचं काम वाटून नाही राहिलं. इतकं बारीक इथं कोन कापते? मुंबईचा कोनी आर्टिस्ट आनला असन यायनं."

तेव्हा मी ‘असेल’ म्हणून उठायला हवं होतं. तू तेच म्हणशील. मी उठलोही होतो. दारापर्यंत गेलो होतो, तारा.

पण ‘इतकं बारीक इथं कोन कापते’ हे मला ऐकवलं नाही. छत्तीस वर्षं, अडीच हजार मुलं, आणि बारीक काम यायचं ते मुंबईहून. मी परत वळलो आणि त्याला पूल दाखवले. स्टेन्सिलमधला मधला तुकडा गळून पडू नये म्हणून आपण जी पट्टी ठेवतो, ती सगळीकडे सरळ ठेवतात. आपल्या वर्गात ती मधे बारीक आणि दोन्ही टोकांना रुंद असते, म्हणजे रंग लावताना फाटत नाही. मी म्हणालो, हे नागपूरचंच आहे, आणि माझ्याच वर्गातलं आहे. तो चटकन लिहायला बसला. त्याचं अक्षर भयानक होतं.

मग कोपरे. कापताना पात्याची नोक कोपऱ्याच्या जराशी पुढे जाते आणि केसाएवढी चीर पडते. उजव्या हाताची एका अंगाला पडते, डाव्या हाताची दुसऱ्या. हे मी सांगितलं. ते शास्त्र आहे, त्यात कुणाचं नाव नाही. कापणारा हात डावा आहे, एवढंच मी म्हणालो. तू उजवी आहेस. तुझी शाळा, तुझं कॉलेज, सगळ्या जगाला ठाऊक आहे की तू उजव्या हाताने लिहितेस आणि उजव्या हाताने जेवतेस.

बाकीचं त्यांनी शोधलं.

कार्ड पाठवू नकोस. पाकीट पाठव.

बाबा


नागपूर, ९ मे

तारा,

हे पत्र मी पाठवणार नाही, म्हणून त्यात खरं लिहितो.

पाठवलं तर तू ते दामिनीच्या वकिलाला नेऊन देशील. मी तुला ओळखतो. माझं अक्षर कोर्टात ओळखायला तज्ज्ञही लागणार नाही.

त्या टेबलावर फिल्म ठेवली तेव्हा पूल आणि कोपरे मी नंतर पाहिले. आधी बरगड्या पाहिल्या. उजवीकडची सातवी बरगडी मोडून जुळलेली, जुळलेल्या जागी जराशी गाठ. तुझी आई गांधीबागेत स्कूटरवरून पडली होती त्याची. नावाचा कोपरा तू कापून टाकला होतास, पण ती बरगडी कशी कापणार? आईच्या छातीतून तू चप्पल कापली होतीस. मला ते बघून राग आला नाही. मला वाटलं, फिल्म चांगली निवडली, जाड आहे. घरी येऊन कपाटातलं पाकीट पाहिलं. रिकामं होतं.

तेव्हा कापणारी कोण ते मला पहिल्या क्षणी ठाऊक होतं. तरी मी तोंड उघडलं, आणि उघडल्यावर मला बंद करता आलं नाही. डावा हात म्हणाल्याबरोबर इन्स्पेक्टरने पेन थांबवलं. "तुमच्या वर्गात डावखुरे किती हायेत, सर?" मी म्हणालो, आठवावं लागेल. तो म्हणाला, "आठवा ना. आमाले घाई नाही." बाहेर दोन हवालदार कलिंगड खात बसले होते. मी कलिंगडाकडे बघत होतो. एक्स-रेवर कापायला शिकलेल्यांत डावखुऱ्या दोघीच होत्या, तारा. एक सगळ्यांना दिसायची. दुसरी मी वीस वर्षांपूर्वी मोडली होती.

मी दामिनीचं नाव सांगितलं. त्याने विचारलं, "तेच का, त्या साहिलची बहीण?" आणि हसला, कारण त्याचं काम सोपं झालं. मी सही केली. तो म्हणाला, नाव बंद लिफाफ्यात राहील, कुणालाही कळणार नाही. मी त्याला दोनदा विचारून खात्री केली.

तू चार वर्षांची असताना मी तुझा डावा हात तुझ्या परकराच्या नाडीने खुर्चीला बांधायचो. तुला आठवतं की नाही मला माहीत नाही. डाव्या हाताने घास घेतलास की ताट उचलायचो. एकदा तू दोन दिवस जेवली नाहीस आणि तिसऱ्या दिवशी उजव्या हाताने वरणभात खाल्लास, तेव्हा मी शाळेत पेढे वाटले. आमच्या घरात डावं कुणी नव्हतं. माझ्याही वडिलांनी माझ्या भावाचा हात असाच सरळ केला होता, आणि तो बँकेत मॅनेजर झाला. दामिनीच्या घरी हे करायला कुणाला वेळ होता? तिचा बाप दोन पाळ्या करायचा. म्हणून ती डावीच राहिली आणि म्हणून ती आज आत आहे. मी तुझा हात मोडला म्हणून तू बाहेर आहेस. याचा अभिमान वाटतो असं मी म्हणणार नाही, पण त्या दिवशी ठाण्यातून घरी येताना मला तो वाटला.

दुपारी मी शाळेत असताना तुझी आई तुला डाव्या हाताने कापू द्यायची. मला ते पुढे कळलं. मी ओरडलो नाही, कारण कट फार सुंदर यायचा. ही गोष्ट तिघांना ठाऊक होती आणि त्यातली एक गेली.

मग तू स्वतः ठाण्यात गेलीस. ‘चपला मी काढल्या, दामिनीला सोडा.’ त्यांनी तुला कोरी फिल्म आणि पातं दिलं आणि मला पारखायला बोलावलं. सहा माणसं उभी होती. तू माझ्याकडे बघितलंस, आणि पातं डाव्या हातात घेतलंस. वीस वर्षांनी माझ्यासमोर डावा हात. हात हलला नाही तुझा. पूल कसे होते सांगू? मी आयुष्यात तसे कापू शकलो नाही.

मी म्हणालो, "कच्चं आहे. शंभरपैकी पस्तीस. माझी मुलगी उजवी आहे साहेब, तिच्या शाळेत विचारा. मैत्रिणीसाठी डाव्या हाताचं सोंग करते आहे." इन्स्पेक्टरला तरी दुसरी आरोपी कुठे हवी होती? त्याची फाइल बांधून झाली होती. तो म्हणाला, "जा घरी ताई. दोस्ती मस्त हाय तुमची." हवालदार हसले. तुझी चप्पल त्यांनी माझ्यासमोर चुरगाळून डब्यात टाकली.

तू माझी एकुलती एक आहेस. मी दुसऱ्याची पोरगी देऊन तुला घरी आणलं, आणि तू घरी आली नाहीस.

आणखी एक लिहितो, कारण हे पत्र कुणी वाचणार नाही. कुठल्याशा पेपरात दामिनीबद्दल आलं होतं. ‘विलक्षण हात असलेली कामगाराची मुलगी.’ ते वाचून मला काय वाटलं असेल? मला वाटलं, माझ्या मुलीचं काम हिच्या नावावर लागलं.


नागपूर, २९ मे

तारा,

हेही पाठवणार नाही. यमुताईला मी सांगितलं आहे की डोळ्यांना त्रास आहे, पत्रं थोडे दिवस बंद.

आज शालिकराम आला होता. सायकलवर, हिंगण्याहून, भर उन्हात. पायातली चप्पल काढून ती भिंतीला लावून नीट ठेवली आणि पायरीवरच बसला. आत ये म्हणालो तर म्हणे, "घामेजलो हाय सर, सोफा खराब होईन." मी आग्रह केला नाही. पाणी दिलं, ते त्याने वरून प्यायलं.

परवा त्याला दामिनीची भेट मिळाली. "बरी हाय," म्हणाला. मग पेला खाली ठेवत म्हणाला, "डावा हात सुजला होता. दारात अटकला म्हणते. दोन बोटं वाकून नाही राहिली." आत साहेब भेट देणार आहेत म्हणून भिंतीवर त्यांचं मोठं चित्र काढायचं काम तिला दिलं होतं. तिने रंगाचा डबा उचलला नाही. त्यानंतर तो हात दारात अडकला.

मी विचारलं, "ती काय म्हणते? चपला तिनेच काढल्या?"

"पोरगी म्हणते, म्या नाही काढल्या. पन म्हणते, काढल्या असत्या तं बरं झालं असतं." तो हसल्यासारखा झाला. "अन् तुमच्या ताराबाईले निरोप हाय. म्हणे, तिले सांगजा का हात सांभाळजो. मले काही समजलं नाही सर. ताराबाईच्या हाताले काही लागलं का?"

मी म्हणालो, नाही, ताराचा हात ठीक आहे.

म्हणजे तिला ठाऊक आहे. मारून, दारात हात अडकवून, तिने तुझं नाव सांगितलं नाही, आणि मला एका कलिंगडाएवढा वेळ लागला.

जाताना तो खरं कामाचं बोलला. बारा जूनला जामिनाची तारीख आहे. वकील त्याला म्हणतो की पोरीविरुद्ध बाकी काहीच नाही, एका तज्ज्ञाचं मत तेवढं आहे, आणि त्याचं नाव लिफाफ्यात बंद आहे. "कोन हाय कोनास ठाऊक. पन सर, तो असन तरी किती मोठा? तुमी तं पोरीचे गुरू. तुमी पायलं का ते काम, तं एका नजरेत सांगसान का हे तिचं नाही. तुमी लिहून देल्लं तं जज तुमचंच ऐकन ना."

मी म्हणालो, अशा गोष्टींना कोर्टाचा हुकूम लागतो, आपल्या मनाने लिहून देता येत नाही. तो म्हणाला, "असं का." माझ्यावर त्याचा एवढा विश्वास आहे की तो जिना उतरतानाही मला धन्यवाद देत होता.

तो गेल्यावर मी दामिनीच्या जुन्या वह्या काढून पाहिल्या. मला खात्री करून घ्यायची होती की तिचा हात तुझ्याइतका चांगला नाही. नाही. तिचे पूल जाड असायचे. ते सुधारायचं राहून गेलं.


नागपूर, ११ जून

तारा,

आज पहाटे तू आली होतीस.

दूधवाल्याने हाक मारली म्हणून पाच वाजता दार उघडलं. उजाडत होतं. पायरीवर पाय ठेवणार एवढ्यात खाली पाहिलं आणि मागे झालो. कोटा दगडावर काळी चप्पल, उलटी. दूधवाला खालूनच पिशवी टांगून गेला, वर आलाच नव्हता.

मी तिथेच उकिडवा बसलो. तुला मनापासून सांगतो, माझ्या पाहण्यात इतकं चांगलं स्टेन्सिल नाही. अंगठ्याची नाडी एकाच कापात घेतलीस. तिच्यावर तो सुरकुतलेला पट्टा, आणि पट्ट्याच्या टोकाला सेफ्टी पिन. आत्ता कळलं की ती साहिलची चप्पल कधी नव्हतीच. पिन माझ्या चपलेला आहे. चौथीत असताना तुला वस्तुचित्राला मी माझीच चप्पल मांडून दिली होती आणि चित्रात पिन दाखवली नाहीस म्हणून तीन गुण कापले होते. सगळं शहर गेले चार महिने माझी चप्पल सरळ करायला बघत होतं.

पूल तेच. कोपऱ्यांवरच्या चिरा डाव्या हाताच्या. मुद्दाम जरा लांब सोडल्या होत्यास, माझे डोळे अधू झालेत असं आत्याने सांगितलं म्हणून ना?

मला लगेच समजलं हे काय आहे. गावात आता शेकडो चपला निघतात. बुटीबोरीची पोरं पुठ्ठ्यातून कापतात, कुणाची कुणाला ओळखू येत नाही. मूळ हात ओळखणारा मी एकटा, आणि लिफाफ्यात माझीच सही. दामिनी तीन महिने आत आहे आणि तिची दोन बोटं वाकत नाहीत. तोच हात आज माझ्या दारात बाहेरून येऊन गेला. मी फक्त ठाण्यात फोन करून म्हणायचं, या, बघा, हा तोच हात आहे. उद्या बारा तारीख. दामिनी उद्या संध्याकाळी हिंगण्याला आपल्या घरी भाकर खाईल, आणि तुला अमरावतीहून घेऊन येतील. तू माझी परीक्षा मांडून गेलीस. प्रश्न सोपा ठेवलास, एका मार्काचा.

मी टर्पेंटाइनची बाटली आणली.

रंग पुरता वाळला नव्हता, तरी दगडाच्या रेघांत बसला होता. तारेचा ब्रश घेतला. आधी पिन घासली, मग पट्टा. नाडी सगळ्यात शेवटी गेली. पाऊण तास लागला. कोपरे घासताना मी रडत होतो, हे तुला कळावं असं वाटतं. मग दोन बादल्या पाणी ओतलं. त्या धावपळीत माझीच एक चप्पल पालथी होऊन पायरीच्या कडेला पडली, ते मी पाहिलं नाही.

साडेसहाला शालिकराम. पायरीवरून पाणी वाहत होतं आणि जिनाभर टर्पेंटाइनचा वास. त्याला तो वास साहिलचा वाटला असेल, तो पोरगा संपाचे फलक रंगवायचा. "सकाळी सकाळी धुवून राहिले का, सर?" मी म्हणालो, घाण झाली होती.

तो खाली वाकला, आणि माझी उलटी चप्पल हाताने उचलून सरळ केली. अंगठ्याने नाही, हाताने. दुसरी तिच्या शेजारी आणून लावली, पुसली, आणि म्हणाला, "उलटी नोको राहू देत जाऊ सर. घरात भांडन होते."

त्याला पत्र हवं होतं. तज्ज्ञाचं नाही तर नाही, पोरगी चांगल्या चालीची आहे एवढं तरी. ते मी दिलं. ‘कु. दामिनी ही माझी विद्यार्थिनी असून नम्र, कष्टाळू व शिस्तप्रिय आहे.’ त्याने ते दोन्ही हातांनी घेतलं. अक्षर फार सुंदर आलं होतं.

हेही पत्र आईच्या एक्स-रेच्या रिकाम्या पाकिटात जाईल, आधीच्या दोन पत्रांबरोबर. एवढंच लिहायचं होतं, की शंभरपैकी शंभर. तेव्हाही शंभरच होते.

तू पुन्हा काढशील, मला ठाऊक आहे. उद्या नाही तर परवा. मी आजपासून चारचा गजर लावला आहे, आणि बाटली दाराशीच ठेवली आहे.

बाबा